पालवा बंदरावरचें दार

या खेपेचा मजकूर मला आयताच घरांत सांपडला. आमच्या धाकट्या नातीच्या शाळेची सहल मुंबईस जाऊन आली, आणि परत आल्यावर मुलांस 'मीं पाहिलेलें स्मारक' या विषयावर वीस ओळींचा निबंध लिहावयास सांगण्यांत आला. नातीनें गेटवे ऑफ इंडिया हें स्थळ निवडलें. समुद्र, होड्या, कबुतरें आणि भेळ हें सर्व यथास्थित आल्यावर पांचव्या ओळींत तिनें निःशंकपणें लिहून ठेवलें कीं, इंग्रजांना आपल्या देशीं परत जातां यावें म्हणून हें मोठें दार समुद्रावर बांधलें आहे. बाईंनीं त्या ओळीखालीं तांबडी रेघ ओढून दोन गुण कमी केले, व शेजारीं 'राजाच्या स्वागतासाठीं' असा शेरा दिला.

रात्रीं जेवणाच्या वेळीं ती वही सर्वांच्या हातांतून फिरली. थोरले चिरंजीव हंसले. सूनबाईंचें म्हणणें, पुस्तकांत जें आहे तेंच बाईंनीं लिहिलें, त्यांचें काय चुकलें? आमचे धाकटे बंधु मात्र एकदम तापले. परक्या राजाच्या पायधुळीचें स्मारक आपण जपतों, त्यावर रोषणाई करतों आणि पोरांना सहलीस नेऊन कौतुकानें दाखवितों, हाच मुळीं दोष आहे. गुण कापावयाचेच तर ते आपणां सर्वांचे कापावे, असें त्यांचें मत. नातीला या वादाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. तिला दोन गुण परत हवे होते. शेवटीं "आजोबा, तुम्हीच सांगा" म्हणून वही माझ्यापुढें आली. पस्तीस वर्षें वह्या तपासण्यांत घालविलेला मी मनुष्य. पण या एका ओळीवर मला लागलीच निकाल देतां येईना. मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या मुदतींत जें वाचलें, आठवलें आणि मनांत घोळलें, तेंच आज वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम ज्या सोहळ्याचें हें स्मारक, तो सोहळा पाहूं. इंग्लंडचे राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी हीं उभयतां ता. २ डिसेंबर १९११ रोजीं 'मेदिना' नांवाच्या आगबोटीनें मुंबईस आलीं. हिंदुस्थानचा सम्राट म्हणविणाऱ्या इंग्रज राजानें राज्यावर असतांना या भूमीवर पाऊल ठेवल्याचा हा पहिला प्रसंग, आणि शेवटचाही तोच. ज्या धक्क्यावर तीं उतरलीं, त्यास जुने मुंबईकर पालवा बंदर म्हणत. या पालव्याचेंच साहेबी जिभेवर 'अपोलो' झालें असें मानतात. ग्रीकांच्या सूर्यदेवाचा आणि आमच्या कोळ्यांच्या धक्क्याचा असा संबंध जुळलेला पाहून भाषेच्या मास्तराला मौज वाटल्यावांचून राहत नाहीं.

पुढें ता. १२ डिसेंबरला दिल्लीस मोठा दरबार भरला. इंग्लंडचा राजमुकुट त्या देशाबाहेर नेण्याची चाल नाहीं, म्हणून या दरबारासाठीं एक निराळा मुकुट घडविण्यांत आला. त्याचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरींतून झाला, आणि मुकुट मात्र परत विलायतेस गेला. त्या एका दिवसानंतर तो कोणाही राजाच्या मस्तकावर चढला नाहीं. आज तो लंडनच्या टॉवरमध्यें कांचेआड आहे. मुकुट फार जड असून डोकें दुखलें, असें खुद्द राजानेंच आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे. याच दरबारांत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं मुजरा थोडक्यांत आटोपून पाठ फिरविली, आणि त्यावरून थेट विलायतेपर्यंत गहजब झाला. दरबारांतील बाकीच्या गोष्टी आपल्याकडे बहुतेक विसरल्या गेल्या आहेत. ती फिरविलेली पाठ तेवढी अजून सांगितली जाते.

आतां दाराची गोष्ट. राजा ज्या दिवशीं धक्क्यावर उतरला, त्या दिवशीं तेथें दार नव्हतें. एक तात्पुरता मंडप होता, आणि तोही काम झाल्यावर उतरला गेला. राजा ता. १० जानेवारी १९१२ रोजीं मुंबईहूनच परत गेला. पुढें १९३६ सालीं वारला, पण पुन्हां या देशांत आला नाहीं. म्हणजे ज्या दारांतून राजा आला अशी आपली समजूत असते, त्यांतून तो आलाही नाहीं, गेलाही नाहीं, आणि तें पुरें झालेलें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेंही नाहीं. बाईंच्या शेऱ्यांतील 'स्वागत' या शब्दाशीं मी प्रथम अडखळलों तो येथें. पाहुणा येऊन, जेवून, निघून गेल्यावर घातलेल्या रांगोळीस स्वागताची रांगोळी कसें म्हणावें?

पायाचा दगड ता. ३१ मार्च १९१३ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्तें बसला. शिल्पकार जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला तो १९१४ च्या ऑगस्टांत, आणि त्याच महिन्यांत इंग्लंड महायुद्धांत उतरलें. समुद्र हटवून जमीन काढावयाची, भिंत बांधावयाची, यांतच १९१९ साल उजाडलें. मग पाया, मग भिंती, आणि ता. ४ डिसेंबर १९२४ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनीं दार उघडलें. राजाच्या आगमनास त्या दिवशीं तेरा वर्षें आणि दोन दिवस झाले होते.

इमारत उत्तम आहे, हें कबूल केलें पाहिजे. विटेट साहेब हा साधा मनुष्य नव्हे. पलीकडील वस्तुसंग्रहालयही त्याच्याच हातचें. त्याचा कोनशिलासमारंभ याच जॉर्जनें, तो युवराज असतांना, ता. ११ नोव्हेंबर १९०५ रोजीं केला होता. दाराची मूळ कल्पना रोमन विजयकमानीची. पण कमानींचा घाट, सज्जे आणि नक्षी हीं सोळाव्या शतकांतील गुजराथच्या, म्हणजे अहमदाबादकडील इमारतींवरून घेतलेलीं. दगड खारोडीचा, मधासारखा पिवळसर. दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. उंची ८५ फूट. मधल्या घुमटाचा व्यास ४८ फूट. एकंदर खर्च २१ लक्ष रुपये, आणि त्यांतील बराचसा भार हिंदुस्थान सरकारनें उचलला. सरकारचा पैसा म्हणजे कोणाचा पैसा, हें मुकुटाच्या प्रकरणांत आपण पाहिलेंच आहे. इतकें झाल्यावर दाराकडे समोरून येणारा सरळ, रुंद रस्ता करावयाचा होता. तेवढ्यांत पैसे संपले. तो रस्ता कधींच झाला नाहीं. म्हणून आजही दार एका अंगास आणि वाट दुसऱ्या अंगास, असें तें तिरकें दिसतें. दुसऱ्याच्या पैशानें थाट करणाऱ्यांची अशी फजिती मुंजी-लग्नांतही आपण पाहतों.

परंतु या तेरा वर्षांत खरें काय बदललें, तें दगडांत दिसत नाहीं. तें लोकांत दिसतें. १९११ सालीं मुंबईनें तोरणें लावलीं, दिवे लावले, गर्दी केली. आमचे आजोबा तेव्हां अकरा वर्षांचे असून गिरगांवांतील एका शाळेंत होते. त्या वर्षीं दरबाराच्या निमित्तानें शाळांशाळांतून मुलांस पदकें वांटलीं, त्यांतील एक त्यांच्या वांट्यास आलें. एका बाजूस राजाराणीचे मुखवटे, दुसऱ्या बाजूस साल. या पदकाविषयीं पुढें सांगेन. मुलांनीं तें छातीवर लावून मिरविलें याचा दोष मी त्यांस देत नाहीं. अकराव्या वर्षीं पदक कोण नाकारतो?

दहा वर्षांनीं, ता. १७ नोव्हेंबर १९२१ रोजीं, त्याच राजाचा मुलगा प्रिन्स ऑफ वेल्स म्हणून मुंबईस उतरला. दार तेव्हां अर्धें झालें होतें. धक्क्यावर सलामी झाली. पण शहरांत हरताळ होता, परळकडे महात्मा गांधींच्या समक्ष विलायती कापडांची होळी पेटली होती, आणि पुढें ठिकठिकाणीं दंगे होऊन कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. तो रक्तपात पाहून गांधींनीं उपास धरला. ज्यांनीं स्वागतास जावें म्हटलें आणि ज्यांनीं जाऊं नये म्हटलें, ते एकाच गल्लींत राहणारे लोक होते. सोहळा म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें छत्र्या-चामरें येतात. त्या दिवशींच्या मुंबईच्या कित्येक घरांत मात्र प्रेत आलें.

आणि येथें इतिहासानें केलेली एक गंमत पाहा. मुंबईंत ही धामधूम चालू असतांना दोनच दिवसांनीं, ता. १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं, हाच युवराज पुण्यास आला आणि त्यानें शिवछत्रपतींच्या स्मारकाचा पाया घातला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीं यासाठीं खटपट केली होती. पुढें १९२८ सालीं तेथें करमरकरांनीं घडविलेला तो भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आज पुण्यास त्या पुतळ्यापुढून जाणाऱ्या शंभर माणसांस विचारा, पायाचा दगड कोणी बसविला? एकासही सांगतां येणार नाहीं. पाया घालणारा युवराज पुढें आठवा एडवर्ड म्हणून राजा झाला खरा; पण १९३६ सालींच राज्य सोडून गेला, आणि त्याच्या राज्याभिषेकाचा योगच आला नाहीं. ज्याला स्वतःला अभिषेक झाला नाहीं, त्याच्या हातून रायगडावर अभिषेक झालेल्या राजाच्या स्मारकाचा पाया पडावा, हा संकेत कोणाही नाटककारास सुचला नसता. ता. ६ जून १६७४ च्या त्या रायगडावरील समारंभास मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन हिऱ्याची अंगठी नजराणा घेऊन हजर होता, हेंही येथें आठवावें. तेव्हां दाराबाहेर हात जोडून कोण उभें होतें?

आमच्या जुन्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत 'कीर्ति' किंवा 'कीर्तन' हा शब्द पुष्कळदां देऊळ, तळें अशा बांधकामासच लावलेला आढळतो. वेरुळच्या कैलासाविषयीं राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत असाच प्रयोग आहे. प्रथम वाचतांना विद्यार्थी गोंधळतो. मग त्यास समजतें कीं, ज्यायोगें कर्त्याचें नांव लोकांच्या मुखीं राहतें, तें कीर्तन. व्याख्या चोख आहे. पण कोणाचें नांव राहील, हें बांधणाऱ्याच्या हातीं नसतें, ही गोष्ट ती व्याख्या सांगत नाहीं.

ती गोष्ट पाहावयाची असेल तर नाणेघाटांत जावें. जुन्नरकडून कोंकणांत उतरणाऱ्या या घाटाच्या तोंडाशीं एक लेणें आहे. दोन हजार वर्षांहून जुनें. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळीं तेथील भिंतींवर ब्राह्मी लिपींत एक लांबलचक प्राकृत लेख कोरण्यांत आला. त्यांत काय आहे? राजघराण्यानें केलेल्या यज्ञांची यादी. अश्वमेध आहे, राजसूय आहे. आणि प्रत्येक यज्ञांत दिलेल्या दक्षिणेचे आंकडे आहेत. गाई इतक्या, घोडे इतके, हत्ती इतके, कार्षापण इतके. मागच्या भिंतीवर राजघराण्यांतील मंडळींच्या मूर्ति होत्या व प्रत्येकीच्या वर नांव होतें: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णि, कुमार, महारठि. आज मूर्ति नाहींत. नांवें आहेत, आणि खालीं कोठें कोठें पावलांच्या खुणा आहेत. मी तरुणपणीं विद्यार्थ्यांस घेऊन तेथें गेलों असतां एका मुलानें विचारलें होतें, "सर, हे सगळे राजे उठून गेले काय?" मला उत्तर सुचलें नव्हतें, अजूनही सुचलेलें नाहीं.

त्या दक्षिणेच्या आंकड्यांचें पुढें काय झालें तें तर ऐकण्यासारखें आहे. राणीच्या मनांत असेल कीं, पुढच्या पिढ्यांनीं हे आंकडे वाचून थक्क व्हावें. थक्क झाले ते गणिताच्या इतिहासाचे अभ्यासक. कारण आपल्या देशांतील अंकलेखनाच्या अतिप्राचीन नमुन्यांत या लेखाची गणना होते. गाई किती दिल्या यापेक्षां सातांचा आंकडा कसा काढला, याची त्यांस जास्त किंमत. आणि घाटानें जाणारे व्यापारी? ते त्या लेण्यांत पथाऱ्या पसरून रात्र काढीत. बाहेर एक मोठा दगडी रांजण आहे, त्यांत जकातीचीं नाणीं पडत अशी सांगी आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाटेच्या तोंडाशीं राजाच्या समारंभाचा लेख कोरावा, ही कल्पना इंग्रजांस प्रथम सुचली नाहीं, एवढेंच यावरून म्हणावयाचें.

मुंबईच्या राजपुतळ्यांची गतही याहून वेगळी नाहीं. फोर्टांत व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा १८७२ सालीं उभा राहिला. देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. १८९६ सालीं एका रात्रीं कोणी त्या शुभ्र पुतळ्यास डांबर फांसलें. तें डाग कांहीं केल्या निघेनात. शेवटीं रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनीं ते काढून दाखविले, आणि त्यांचें नांव गाजलें. डांबर फांसणारा कोण, हें पुढल्या वर्षीं समजलें. ता. २२ जून १८९७ ही राणीच्या राज्यारोहणाच्या साठ वर्षांच्या उत्सवाची रात्र. पुण्यांत त्या सालीं प्लेगनें घरेंच्या घरें बसलीं होतीं. गोरे शिपाई तपासणीसाठीं माजघरांत, देवघरांत शिरत होते. आणि गणेशखिंडींतील गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. ती आटोपून परततांना रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर हरि चापेकर यांनीं पकडले गेल्यावर पुतळ्याच्या डांबराचीही कबुली दिली. हे बंधु एका कीर्तनकाराचे मुलगे. तिघेही फांसावर गेले. उत्सवाच्या त्या रात्रीं कोणाकोणास बोलावणें होतें, हें आज कोणाला ठाऊक आहे? आणि गणेशखिंडीचा रस्ता म्हटला कीं काय आठवतें, हें पुण्याच्या वाचकांस सांगावयास नको. त्या बंगल्यांत आतां विद्यापीठ आहे.

दुसरा पुतळा घोड्यावरचा. राणीचा मुलगा, जो पुढें सातवा एडवर्ड झाला, तो युवराजपणीं १८७५ सालीं मुंबईस आला. त्या भेटीचें स्मारक म्हणून आल्बर्ट ससून यांनीं त्याचा काळ्या रंगाचा अश्वारूढ पुतळा शहरास दिला. १८७९ पासून तो चौकांत उभा होता. लोकांनीं त्याला काय नांव दिलें? 'काळा घोडा'. स्वार कोणाचा कोण, याची चौकशी मुंबईकरानें केली नाहीं. घोडा बरा होता, तो त्यानें ठेवून घेतला. १९६५ सालीं पुतळा तेथून उचलून भायखळ्यास नेला, तरी चौक काळा घोडाच राहिला. पन्नासांहून अधिक वर्षें तेथें घोडा नव्हता. आणि लोक एकमेकांस "काळ्या घोड्यापाशीं भेटूं" म्हणत होते. अखेर २०१७ सालीं तेथें नवा घोडा बसविण्यांत आला, आणि तो बिनस्वाराचा आहे. लोकांनीं दीडशे वर्षांपूर्वीं दिलेला निकाल शिल्पकारानें मान्य केला, असेंच मी याला म्हणतों. भायखळ्याचा तो बागही पाहा. व्हिक्टोरिया गार्डनचें नांव १९६९ सालीं वीरमाता जिजाबाई भोसले यांच्या नांवावर गेलें, हें योग्यच झालें; पण गर्दीच्या तोंडीं पूर्वींही 'राणीचा बाग' आणि आजही 'राणीचा बाग'. आमच्या सौभाग्यवती म्हणतात, जिजाऊ काय राणी नव्हत्या? या युक्तिवादापुढें मी गप्प बसतों.

बंधूंच्या म्हणण्याचा विचार मला येथें करणें भाग होतें. पुतळे चौकांतून हलविले, यांत कांहीं वावगें झालें असें मला वाटत नाहीं. चौकांत उभें राहणें हा मान आहे, आणि मान कोणाला द्यावा हें त्या त्या काळच्या लोकांनीं ठरवावें. दिल्लीसही १९६८ सालीं पंचम जॉर्जाचा पुतळा इंडिया गेटजवळच्या छत्रीखालून काढून, १९११ चा दरबार भरला त्याच माळावर नेऊन ठेवला; छत्री पुष्कळ वर्षें रिकामी राहिली आणि २०२२ सालीं तेथें सुभाषचंद्र बोस आले. आपल्या दारापुढेंही ता. २६ जानेवारी १९६१ पासून शिवछत्रपति घोड्यावर बसलेले आहेत. पण पुतळा आणि दार यांत एक भेद आहे. पुतळ्याला चेहरा असतो. तो दुसऱ्याचा होऊं शकत नाहीं. दाराला चेहरा नसतो. त्याच्या माथ्यावर राजाराणीच्या उतरण्याचा इंग्रजी लेख आहे, सालही रोमन अक्षरांत आहे. पण खालीं उभे असलेल्या लोकांपैकीं मान वर करून तो वाचणारा मला आजवर भेटला नाहीं. घारापुरीच्या बोटी तेथून सुटतात, नवीं जोडपीं छायाचित्रें काढवितात, परगांवचा मनुष्य तेथें उभा राहिल्याशिवाय मुंबई पाहिली असें म्हणत नाहीं.

बंधु म्हणाले, "तर मग तो लेख तरी खरवडून काढा."

मीं त्यांस नाणेघाटाची गोष्ट सांगितली. लेख राहिला म्हणून यज्ञ कोणीं केले तें आपणांस कळलें, आणि मूर्ति गेल्या म्हणून त्यांचें शेवटीं काय झालें तेंही कळलें. दोन्ही खुणा एकाच भिंतीवर आहेत. गेटवेवरचा लेख खरवडला तर आमच्या पणतवंडांस असें वाटेल कीं, हें दार आपणच हौसेनें बांधलें. २१ लक्ष कोणाचे, मुकुट कोणाचा, मंडपांत उभें कोण आणि हरताळांत मेलें कोण, हें विचारण्यास त्यांस जागाच राहणार नाहीं. बंधूंस हें पटलें असें मी म्हणणार नाहीं. त्यांनीं सुपारी कातरावयास घेतली, एवढेंच.

आतां नातीच्या पांचव्या ओळीकडे येतों. ता. २८ फेब्रुवारी १९४८. गांधीजींच्या हत्येस अजून महिनाही झाला नव्हता. त्या दिवशीं सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन या कमानीखालून चालत गेली आणि बोटींत बसली. या देशांतून निघालेली इंग्रजी फौजेची ती शेवटची तुकडी. आपल्या सैनिकांनीं त्यांस मानवंदना दिली, आणि निघतांना या दाराचीच चांदीची एक प्रतिकृति भेट म्हणून दिली. दार उघडून तेव्हां चोवीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. दीडशे-दोनशे वर्षें ज्यांचा अंमल चालला, त्यांच्या हातून दार पुरें व्हावयास आणि त्यांनीं त्यांतून बाहेर पडावयास जणूं एकच गांठ पडली. पाहुण्याच्या पाठीमागें घातलेली ती रांगोळी होती, असें मीं वर म्हटलें. पाहुणा निरोप घेऊन निघाला तेव्हां मात्र ती नेमकी त्याच्या पायांखालीं आली.

आठव्या दिवशीं मीं निकाल दिला. 'बांधलें' हें क्रियापद चूक, कारण बांधणाऱ्याचा हेतु तो नव्हता. म्हणून एक गुण गेला तो गेला. 'परत जातां यावें' हें घडलेल्या गोष्टीस धरून, म्हणून एक गुण परत. बाईंचा शेरा हेतूपुरता बरोबर, म्हणून त्यांच्याशीं भांडावयास कोणी जाऊं नये. नात नाराज झाली. तिला दोन्ही हवे होते. तिची समजूत घालण्यासाठीं मीं तिला आजोबांच्या पदकाची गोष्ट सांगितली.

आजोबांनीं तें पदक पुष्कळ वर्षें ट्रंकेंत जपलें होतें. १९४२ सालीं आमचे थोरले चुलते चळवळींत पडले आणि एके दिवशीं घरीं येऊन म्हणाले, असलें गुलामीचें चिन्ह या घरांत नको, तें विहिरींत टाका. आजोबा कांहींच बोलले नाहींत. बापलेकांत चार दिवस अबोला होता. आजीनें दोघांसही न विचारतां पदक उचललें आणि देव्हाऱ्याचा एक पाय आंखूड होता, त्याखालीं सारून दिलें. देव्हारा हलावयाचा थांबला. आजोबांस वाटलें, पदक देवाजवळ आहे. चुलत्यांस वाटलें, राजा देवाच्या पायांखालीं आहे. अबोला संपला.

नातीनें हट्टच धरला कीं, तें पाहावयाचें. थोरल्या चिरंजीवांनीं देव्हारा अंमळ उचलला आणि तिनें बोटानें पदक ओढून काढलें. ऐंशीं वर्षांच्या तेलातुपानें तें काळें पडलें होतें. चिंचेनें घासून पाहिलें. राजाराणीचे चेहरे पार झिजून सपाट झाले आहेत. मागच्या बाजूस साल तेवढें वाचतां येतें. नातीनें तें वहींत ठेवून शाळेंत न्यावें, असा तिचा बेत होता. इतक्यांत स्वयंपाकघरांतून सौभाग्यवतींचा आवाज आला: देव्हारा डुगडुगतो आहे, समई पडेल, जें कांहीं काढलें असेल तें आधीं जागच्या जागीं ठेवा.